लाकडी हमामाची तिजारत : फिनलंडच्या सुतार घराण्यांकडून काय घ्यावे?

वडिलोपार्जित धंदा टिकवायचा की मोडायचा, हा प्रश्न आज आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. मालेगाव-भिवंडीचा लूमवाला तो विचारतो, मिरजेचा तंतुवाद्ये घडविणारा कारीगर विचारतो, आणि गादीवर बसून तागे मोजणारे आम्हीही विचारतो. मुलगा शिकलेला असतो. त्याला बापाच्या धंद्यात दम दिसत नाही. मग दोन प्रकारची माणसे सल्ला द्यायला येतात. एक म्हणतो, काळ बदलला, सोडून द्या. दुसरा म्हणतो, बापजाद्यांचे आहे, धरून ठेवा. दोघांचेही बोलणे अर्धवट आहे. धंद्याचा कोणता भाग हातात ठेवायचा आणि कोणता दुसऱ्याला द्यायचा, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे एका परक्या मुलखातल्या, परक्या हवेतल्या धंद्याची हकिकत ठेवीत आहोत. हा धंदा घाम काढण्याची लाकडी खोली बांधण्याचा आहे. तिचे नाव साउना.

युरोपच्या उत्तर टोकाला फिनलंड नावाचा देश आहे. लोकसंख्या सुमारे 55 लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. जमिनीचा तीन चतुर्थांश भाग जंगल. हिवाळा लांब आणि कडक. या देशात साउनांची संख्या सुमारे 33 लाख मानली जाते. म्हणजे दोन माणसांमागे एकापेक्षा जास्त! शहरी इमारतींमध्ये विजेवर चालणाऱ्या छोट्या साउना असतात. पण जिला मूळची म्हणतात ती घरापासून वेगळी, अंगणात किंवा तळ्याकाठी बांधलेली लाकडी खोली. घरापासून दूर, कारण आत आग पेटवायची असते आणि लाकडाला आगीचे भय. तळ्याजवळ, कारण पाणी लागते आणि घाम निघाल्यावर लोक थेट तळ्यात उतरतात. शनिवारी संध्याकाळी साउना तापवायची, ही तिथली जुनी रीत आहे.

आपल्या लोकांना हमाम ठाऊक आहे. मोगल बादशहांनी किल्ल्यांत बांधले, तुर्कांनी शहराशहरांत. हमाम दगडाचा, शहराचा, आणि बहुधा सार्वजनिक. त्याची ऊब ओली असते. साउना लाकडाची, खेड्याची आणि कुटुंबाची. तिची उष्णता कोरडी, साधारण 80 ते 100 अंश. एवढ्या उष्णतेत माणूस बसू शकतो, कारण हवा कोरडी असते आणि ज्या फळीवर तो बसतो ती लाकडाची असते. खोली लहानच, पण तिचा मान मोठा. जुन्या काळी गावातल्या बाया तिथेच बाळंत होत, कारण घरातली सर्वांत स्वच्छ आणि ऊबदार जागा तीच. मयतालाही शेवटची आंघोळ तिथेच घालीत. जन्मापासून मरणापर्यंत ज्या खोलीशी संबंध, ती बांधणाऱ्या कारीगराकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, हे वेगळे सांगायला नको. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या साउना संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. शेजारच्या एस्टोनिया देशातील व्होरोमा भागाच्या धुराच्या साउनेला हा मान त्याआधीच, 2014 साली मिळाला होता.

आम्ही कापडवाले. आमचा या धंद्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध कापडाचाच आहे. साउनेत तापलेल्या फळीवर बसण्यापूर्वी अंगाखाली कापड अंथरतात. ते बहुधा लिननचे, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचे. लिनन घाम लवकर शोषते आणि लवकर वाळते. फिनलंडच्या लापुआ गावी 'लापुआन कांकुरित' नावाची एका कुटुंबाची विणाई गिरणी आहे. नावाचा अर्थच 'लापुआचे विणकर'. 1973 साली स्थापन झालेली ही गिरणी लिननचे टॉवेल आणि साउनेची कापडे विणते. आमच्या धंद्यातल्या माणसाला टॉवेल म्हटले की सोलापूर आठवते. टॉवेलाच्या मागे लागत लागत आम्ही ज्या खोलीत तो अंथरला जातो तिथपर्यंत पोहोचलो, आणि त्या खोलीच्या हिशेबात आम्हाला आपल्या कामाचे बरेच काही दिसले.

लाकडाची पारख

हा धंदा लाकडाच्या पारखेपासून सुरू होतो. भिंतीसाठी पाइन किंवा स्प्रूस. ही आपल्या हिमालयातील चीड-देवदारांच्या भाऊबंदकीतली झाडे. जुने कारीगर झाड हिवाळ्यात पाडीत. त्या दिवसांत झाडात रस कमी फिरतो, लाकूड लवकर सुकते आणि बुरशी कमी धरते. बर्फावरून ओंडका ओढून नेणेही सोपे. मग साल काढून ओंडके हवेशीर रचून ठेवायचे. त्यानंतर कुऱ्हाड आणि करवतीने दोन्ही टोकांना अशी खाच पाडायची की आडवा ओंडका उभ्या ओंडक्यावर घट्ट बसावा. कोपऱ्यात खिळा नाही. ओंडक्याचे वजनच त्याला धरून ठेवते. दोन ओंडक्यांमधल्या फटीत पूर्वी जंगलातले शेवाळ भरीत. आता जवसाच्या धाग्याच्या किंवा लोकरीच्या पट्ट्या भरतात. आमच्या कापडाच्या धंद्याचा धागा इथेही आला!

यात एक गोष्ट नवख्याला कळत नाही. ओंडक्याची भिंत बांधून झाल्यावरही खाली बसत राहते. लाकूड सुकते, आक्रसते, वरच्या वजनाने दबते. एक मीटर उंचीमागे भिंत काही सेंटिमीटर खाली येते, आणि हे काम दोन-चार वर्षे चालते. म्हणून जाणता कारीगर दारा-खिडकीच्या चौकटीवर मोकळी जागा सोडतो, तीत मऊ भरण घालतो आणि वरून फळी लावून झाकतो. ज्याने ही जागा सोडली नाही त्याच्या साउनेचे दार दुसऱ्या हिवाळ्यात उघडत नाही. काम पाहून गिऱ्हाईक आज खूष होईल, पण कारीगराची खरी परीक्षा दोन वर्षांनी होते. अशा धंद्यात नाव कमवायला वेळ लागतो. मात्र कमावलेले नाव एखादा उपटसुंभ सहज हिरावूनही घेऊ शकत नाही.

आतली बाकडी वेगळ्या लाकडाची. तिथे पाइन चालत नाही, कारण पाइनमध्ये राळ असते. ती उष्णतेने पाझरते आणि बसणाऱ्याची कातडी भाजते. म्हणून बाकड्यांना ॲस्पेन किंवा आल्डरचे लाकूड घेतात. हे हलके, बिनराळेचे आणि बिनगाठीचे. हलक्या लाकडात उष्णता साठत नाही, म्हणून नव्वद अंशांतही त्यावर बसवते. गाठ मात्र घट्ट असते. ती बाकीच्या फळीपेक्षा जास्त चटका देते. फळ्या खालच्या बाजूने स्क्रूने आवळतात, कारण वर खिळ्याचे डोके उघडे राहिले तर ते डाग देईल. कडा गोल घासतात. व्हार्निश लावत नाहीत, कारण ते तापले की वास सोडते. दिसायला साधे बाकडे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट बसणाऱ्याच्या अंगाचा विचार करून ठरलेली आहे. आमच्या बाजारात माल दुकानात कसा दिसेल याचा विचार फार होतो. वापरताना कसा लागेल याचा कमी होतो.

धूर, दगड आणि दम

साउनेचा जीव तिच्या चुलीत आहे. फिन लोक तिला किउआस म्हणतात. सर्वांत जुन्या पद्धतीच्या साउनेला धुराडेच नसते. दगडांच्या ढिगाखाली कित्येक तास लाकूड जाळायचे. धूर खोलीभर कोंडतो, भिंती काळ्या पडतात. मग आग विझू द्यायची, निखारे काढायचे, झरोका उघडून धूर बाहेर जाऊ द्यायचा आणि त्यानंतर आत बसायचे. दगड तासन्‌तास ऊब देत राहतात. ही धुराची साउना आजही सर्वांत उत्तम मानली जाते. पण ती तापवायला अर्धा दिवस जातो, आणि पूर्वी अशा कितीतरी साउना तापवतानाच जळून गेल्या. पुढे धुराडे आले, पत्र्याची आणि लोखंडाची बंद चूल आली. तासाभरात खोली तापू लागली.

तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकले की जी वाफ उठते तिला फिनिश भाषेत 'लोउलु' म्हणतात. या शब्दाचा फार जुना अर्थ प्राण, आत्मा असा होता. दूरच्या नात्यातल्या हंगेरियन भाषेत त्याचा भाऊ-शब्द आजही आत्म्यासाठीच वापरतात. आपल्याकडे 'दम' हा शब्द असाच आहे. तो श्वासही आहे आणि हंडीत कोंडलेली वाफही. बिर्याणीला दम देणाऱ्या आपल्या बावर्चीला लोउलुचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

दगडही कोणताही चालत नाही. नदीतला ओला गोटा तापून फुटू शकतो. जड, काळा, ज्वालामुखीच्या किंवा जमिनीच्या पोटातल्या आगीतून आलेला दगड लागतो. तोही वारंवार तापून आणि पाणी झेलून भेगाळतो, आणि ठरावीक काळाने बदलावा लागतो. म्हणजे गिऱ्हाइकाने एकदा खोली घेतली म्हणून व्यवहार संपत नाही. दगड बदलायचे, बाकड्याची फळी बदलायची, धुराडे साफ करायचे, दार घासून बसवायचे. व्होरोमाच्या परंपरेला युनेस्कोने जो मान दिला त्यात साउना बांधण्याबरोबर तिची दुरुस्तीही मोजली आहे. ही गोष्ट आम्हाला फार आवडली. आपल्याकडे दुरुस्तीचे काम करणाऱ्याला बनविणाऱ्यापेक्षा कमी समजतात. पण मंदीच्या काळात घर चालते ते दुरुस्तीवरच.

चूल एकाची, खोली दुसऱ्याची

आता धंद्याच्या मुद्द्यावर येऊ. साउना म्हणजे खोली आणि चूल. पूर्वी ही दोन्ही कामे गावातच होत. एकाच घरचे हात ओंडके रचीत आणि दगडही रचीत. विसाव्या शतकात हा धंदा दोन भागांत वाटला गेला.

1950 साली मध्य फिनलंडमधील मूरामे गावी तापानी हार्विया यांनी आपला उद्योग सुरू केला. त्यांनी चुलीवर भर दिला. हे फार शहाणपणाचे होते. खोली लाकडाची, जड, जागेवर बांधायची. ती दूर नेणे कठीण. चूल लोखंडाची, पेटीत मावणारी, आणि एकाच मापाच्या हजारो करता येणारी. शिवाय खोली पन्नास वर्षे उभी राहते, पण चूल झिजते आणि पुन्हा घ्यावी लागते. ज्याने चूल धरली त्याला तेच गिऱ्हाईक पुन्हा भेटते. हार्विया कुटुंबाने हे काम पुढच्या पिढीपर्यंत नेले आणि त्यांचे नाव साउनेच्या जगात सर्वत्र झाले.

मग सुतार घराण्यांचे काय झाले? त्यांनी चूल सोडून दिली. युरोपात आज लाकडावर चालणारी साउनेची चूल बाजारात आणायची तर ईएन 15821 या मानकाप्रमाणे तिची तपासणी करावी लागते. धूर किती, बाहेरचा पत्रा किती तापतो, भिंतीपासून किती अंतर हवे, हे सर्व मोजले जाते. चार-पाच माणसांच्या कारखान्याला प्रत्येक नमुन्यासाठी हा खर्च झेपत नाही. म्हणून फिनलंड आणि एस्टोनियातील लहान घराणी चूल कारखान्याची घेतात, आणि आपली अक्कल ओंडका, खाच, बाकडे आणि हवेची वाट यांवर खर्च करतात. यात त्यांना कमीपणा वाटत नाही. गिऱ्हाईक चुलीचे नाव वाचून येते, पण खोली कोणी बांधली यावरून समाधानी होते.

आपल्याकडे मात्र प्रत्येकाला सगळेच आपल्या छपराखाली हवे असते. लूम आपली, सायझिंग आपले, रंगाई आपली आणि दुकानही आपले. भांडवल चारी दिशांना पांगते आणि एकाही कामात हात पक्का बसत नाही. आपले घर कोणत्या कामात सर्वांत चांगले आहे, हे ओळखून बाकीचे खरेदी करण्यात लाज कसली?

पिंपाचा सौदा

गेल्या काही दशकांत परदेशी बाजारात एक नवा नमुना फार चालला. मोठ्या पिंपासारखी गोल साउना. फळ्या एकमेकींत खोबणीने बसवायच्या आणि बाहेरून पोलादी पट्टे आवळायचे, जसे पूर्वी लाकडी पिंप बांधीत. ही सुटी करून खोक्यात भरता येते, ट्रकवर किंवा जहाजावर चढते, आणि दोन माणसे घरच्या हत्यारांनी एक-दोन दिवसांत उभी करतात. ओंडक्यांची साउनाही आता अशीच जाते. कारखान्याच्या आवारात पुरी उभी करायची, प्रत्येक ओंडक्यावर नंबर टाकायचा, मोडून पाठवायची आणि तिकडे नंबराप्रमाणे पुन्हा रचायची. एस्टोनिया याच रीतीने युरोपातील लाकडी घरांच्या बड्या निर्यातदारांत जाऊन बसला. इथे नंबर टाकणे आणि समजेल असा कागद लिहून देणे हे खाच पाडण्याइतकेच महत्त्वाचे काम होते. आपल्या कितीतरी उत्तम कारीगरांचा माल बाहेर जात नाही, कारण तो कसा लावायचा आणि कसा जपायचा हे फक्त त्यांच्या तोंडी असते.

पण पिंपावरून फिनलंडच्या जाणत्यांची कुरकूर आहे, आणि ती रास्त आहे. ते सांगतात की ऊब वर चढते. म्हणून बसणाऱ्याचे पाय चुलीवरील दगडांच्या वर असले पाहिजेत. तेव्हा कुठे सर्वांगाला सारखी वाफ मिळते. ओंडक्याच्या साउनेत वरचे बाकडे तेवढे उंच असते आणि छत डोक्यापासून फार दूर नसते. पिंपात उंची कमी, बाकडे खाली, पाय जमिनीजवळ. डोके तापते आणि पाय गार राहतात. दिसायला सुंदर, बसायला अर्धे.

मग कारीगराने काय करावे? गिऱ्हाईक पिंपच मागत असेल तर नाही म्हणावे काय? काहीजण पिंप बनवतात, पण बाकडे उंच करता यावे म्हणून घेर मोठा ठेवतात किंवा आकार बदलतात. काहीजण पिंपाच्या वाटेला जातच नाहीत आणि थोडीच पण बरोबर कामे करतात. आमच्या मते दोन्ही वाटा हलाल आहेत. एकच गोष्ट चुकीची : माहीत असून न सांगणे. मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगून विकावा, ही आपल्या तिजारतीची जुनी शिकवण आहे. 'या आकारात पाय थोडे गार राहतील, चालेल का?' असे विचारणाऱ्या विक्रेत्याचा कदाचित एक सौदा जाईल, पण त्याचे दुकान जाणार नाही.

जुन्या कारागिरीने नवी विद्या नाकारली, असेही समजू नये. 1990 च्या दशकात फिनलंडच्या सरकारी तंत्र संशोधन केंद्राने लाकूड वाफेच्या भट्टीत 190 ते 212 अंशांपर्यंत तापवून टिकाऊ करण्याची रीत पक्की केली. त्यात रसायन काही नाही. लाकूड तपकिरी होते, पाणी कमी शोषते, कमी फुगते आणि कमी कुजते. बदल्यात त्याची ताकद थोडी उतरते. म्हणून घराणी ते बाकड्याला आणि बाहेरच्या आवरणाला वापरतात; भार पेलणाऱ्या ठिकाणी जपून. नवी वस्तू कुठे लावायची आणि कुठे नाही, हे जुन्या पारखेनेच ठरते.

तेजी आली आणि गेली

हार्वियाची हकिकत अजून संपली नाही. 2014 साली, म्हणजे स्थापनेनंतर 64 वर्षांनी, हा उद्योग कुटुंबाच्या हातून कॅपमन या गुंतवणूक कंपनीकडे गेला. 2018 च्या मार्च महिन्यात तो हेलसिंकीच्या शेअर बाजारात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील 'ऑलमोस्ट हेवन सॉनाज' ही पिंपाच्या साउना करणारी कंपनी विकत घेतली. चुलीवर मोठा झालेला कारखाना असा लाकडाच्या खोलीतही उतरला.

मग 2020 ची महामारी आली. लोक घरात अडकले, प्रवास बंद, सार्वजनिक जागा बंद. ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी तो अंगणात खर्च केला. हार्विया कंपनीची विक्री 2019 साली सुमारे 74 दशलक्ष युरो होती. 2020 साली ती 109 दशलक्ष झाली आणि 2021 साली 179 दशलक्ष. यात नव्याने विकत घेतलेल्या कंपन्यांचा वाटा आहे. तरीही दोन वर्षांत दुपटीहून अधिक. पण 2023 साली हाच आकडा सुमारे 150 वर उतरला, आणि 2024 साली पुन्हा 175 च्या आसपास चढला. ज्याच्याकडे शेअर बाजाराचे भांडवल आहे तो असे हेलकावे सोसू शकतो.

लहान घराण्याचे तसे नाही. तेजीत मागणी दुप्पट झाली म्हणून लाकूड दुप्पट वेगाने सुकत नाही. जो कर्ज काढून नवी शेड टाकील, ओला ओंडका भरील आणि नवशिक्याच्या हाती कुऱ्हाड देईल, त्याच्या साउनेचे दार दोन वर्षांनी अडकेल. आणि तेव्हा बाजारही उतरलेला असेल. वर 2022 साली युक्रेनचे युद्ध पेटले, आणि युरोपीय संघाने रशिया आणि बेलारूसच्या लाकडाची आयात बंद केली. ज्यांचा माल तिकडून येत होता त्यांना नवी वखार शोधावी लागली. ज्यांचे स्वतःचे जंगल होते त्यांच्यावर त्याची झळ कमी. फिनलंडची निम्म्याहून अधिक वनजमीन सामान्य कुटुंबांच्या मालकीची आहे. आजोबाने लावलेले झाड नातू पाडतो आणि त्या जागी दुसरे लावतो. कच्चा माल आपला असणे किंवा निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येणे, ही केवढी मोठी पुंजी आहे, हे सुताचे भाव पाहून रोज रक्तदाब वाढणाऱ्या आमच्या लूमवाल्या भावांना वेगळे सांगायला नको.

तेजीच्या वेळी सर्वांत अवघड शब्द म्हणजे 'थांबा'. दारात विसार घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'पुढच्या वर्षी या' म्हणणे फार जड जाते. पण ज्याला ते म्हणता येते, त्याच्या हातात मंदीच्या वर्षाचेही काम असते.

वारस कोण?

हार्विया कुटुंबाने धंदा विकला, हे अपयश म्हणायचे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. नाव राहिले, कारखाना राहिला, कामगारांची रोजी राहिली, आणि घरातल्या कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागली असे आमच्या ऐकिवात नाही. आपल्याकडे काय होते? बाप गेल्यावर चार भावांत चार भिंती उभ्या राहतात. एका पेढीच्या चार पेढ्या होतात, चौघांच्या पाटीवर तेच नाव, आणि गिऱ्हाईक गोंधळून पाचव्याकडे जाते. धंदा वेळेवर, हयातीत, हिशेबाने दुसऱ्याच्या हाती देणे आणि धंदा भांडणात बुडवणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सुतार घराण्यांपुढे प्रश्न वेगळा आहे. त्यांच्याकडे विकायला कारखाना कमी आणि हात जास्त. हात विकता येत नाहीत, शिकवावेच लागतात. म्हणून त्या देशात ओंडक्याचे काम धंदेशिक्षणाच्या शाळांतूनही शिकवले जाते. जो मुलगा त्या घरात जन्मला नाही त्यालाही हुन्नर मिळतो. आपल्याकडे उस्ताद शेवटचा पेच फक्त आपल्या लेकासाठी राखून ठेवतो. लेक दुबईला जातो आणि पेच कबरीत जातो.

मिरजेचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. तिथली शिकलगार घराणी पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरा घडवितात. त्यांचेही काम लाकूड आणि भोपळा सुकण्याची वाट पाहण्याचे. तेही शस्त्रांना धार लावता लावता वाद्यांकडे वळले, म्हणजे काळ बदलला तेव्हा त्यांनी हात सोडला नाही, हाताचे काम बदलले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता हे नाव दुसऱ्या गावाला वापरता येणार नाही. पण मानांकन म्हणजे दारावरची पाटी. आत बसून काम करणारा तरुण नसेल तर पाटी कोणासाठी?

म्हणून आमची आपल्या व्यापारी आणि कारीगर बंधूंना विनंती आहे. या रमजाननंतर हिशेबाच्या वह्या उघडाल तेव्हा नफा-तोट्याच्या शेवटी एक पान कोरे घ्या. त्यावर लिहा : आपल्या मालातला कोणता भाग असा आहे की जो दुसरा कोणी आपल्याइतका चांगला करू शकत नाही? कोणता भाग आपण केवळ सवयीने करतो आणि बाहेरून घेतला तर स्वस्त पडेल? गेल्या पाच वर्षांत विकलेल्या मालापैकी किती माल दुरुस्तीला परत आला आणि तो कोणाच्या हातचा होता? कच्चा माल उद्या एका दिशेने बंद झाला तर दुसरी दिशा कोणती? आणि घराबाहेरच्या एका तरी मुलाला आपण हे काम शिकवीत आहोत काय?

हे पान मुलाकडून लिहून घ्या. त्याला लिहिता येते, हिशेब येतो, आणि बापाचा धंदा खरोखर काय आहे हे त्याला कदाचित पहिल्यांदाच कळेल. मग त्याने ठरवावे. राहायचे असेल तर त्याला चौकटीवर थोडी मोकळी जागा द्या. नवी भिंत आहे, बसायला दोन-चार वर्षे लागतात. जायचे असेल तर खुशीने जाऊ द्या. मात्र हुन्नर त्याच्याबरोबर जाणार नाही एवढी तजवीज आजच करून ठेवा.